पानातलं जस्त

संत्र्याच्या पानाचा रंग उतरला की काटोल-कळमेश्वरकडचा बागायतदार एकच विचारतो : झिंक मारू का फेरस मारू? प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर सोपं नाही. जस्त असो वा लोह, दोन्ही कमतरतांत पान पिवळं पडतं आणि शिरा हिरव्या राहतात. लोह कमी असेल तर कोवळ्या पानावर हिरव्या शिरांची बारीक जाळी दिसते. जस्त कमी असेल तर पान लहान आणि निमुळतं होतं, शिरांच्या मधल्या जागेत पिवळे पट्टे उमटतात. जाणकाराला हा फरक कळतो. मात्र चुनखडीच्या जमिनीत एकाच झाडावर दोन्ही लक्षणं असतात, त्यात मँगनीजची उणीव मिसळलेली असते, आणि मग नुसत्या डोळ्यांनी भागत नाही. पानात काय आहे ते मोजावंच लागतं.

मी भौतिकशास्त्राची, नागपुरातल्या एका महाविद्यालयात शिकवते. या पानांकडे मी शेतीच्या वाटेनं आले नाही, पिक्सीच्या वाटेनं आले. प्रोटॉनच्या माऱ्यानं पदार्थातून क्ष-किरण बाहेर काढायचे आणि त्यांवरून त्यातली मूलद्रव्यं मोजायची, ही पिक्सी. संशोधनासाठी विषय ठरवताना माझे सर म्हणाले होते, ‘पद्धत कोणतीही घे, पण प्रश्न इथल्या मातीतला असू दे.’ नागपूरच्या माणसाला संत्र्यापेक्षा जवळचा प्रश्न दुसरा कोणता असणार! २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण बागांचं दुखणं त्याच्या फार आधीचं.

पिक्सीचा गाभा थोडक्यात सांगते. वेगवान प्रोटॉन अणूवर आदळला की अणूच्या अगदी आतल्या कक्षेतला एखादा इलेक्ट्रॉन निसटतो. रिकामी झालेली जागा बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन भरून काढतो आणि उरलेली ऊर्जा क्ष-किरणाच्या रूपात बाहेर पडते. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते : मँगनीजची ५.९०, लोहाची ६.४०, तांब्याची ८.०५, जस्ताची ८.६४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. अणुक्रमांक वाढेल तशी ती ठरावीक नियमानं वाढते, हे हेन्री मोझ्ली या तरुणानं १९१३ साली दाखवलं. दोनच वर्षांनी गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला. वय अवघं सत्तावीस. मोझ्लीचा नियम शिकवताना मी हे विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते.

पुढे १९७० मध्ये स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात स्वेन योहान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोटॉनचा मारा आणि सिलिकॉनचा डिटेक्टर यांची जोड घातली. ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाइतकं द्रव्यही अशा रीतीनं ओळखता येईल, असं त्यांनी मांडलं. इलेक्ट्रॉनच्या माऱ्यानंही क्ष-किरण निघतात, पण इलेक्ट्रॉन हलका असल्यामुळे पदार्थात शिरताना त्याचा वेग झपाट्यानं तुटतो आणि त्यातून पसरट किरणांचा मोठा गदारोळ उठतो. आलेखातली बारीक शिखरं त्यात बुडून जातात. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड, त्यामुळे हा गदारोळ फारच कमी. किलोमागे मिलिग्रॅमभर, म्हणजे एक पीपीएम जस्त असलं तरी त्याचं शिखर वर येतं.

नागपुरात पानं तपासण्याची सोय नाही असं मुळीच नाही. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आहे. पान आम्लात विरघळवून अणु-शोषण यंत्रावर जस्त आणि लोह मोजणं हा प्रयोगशाळांचा रोजचा परिपाठ आहे, आणि एक-दोन मूलद्रव्यंच हवी असतील तर मीही त्याचीच शिफारस करते. पिक्सीची खुबी वेगळी. पान विरघळवावं लागत नाही, नमुना चिमूटभर पुरतो, आणि पोटॅशियम, कॅल्शियम, टायटॅनियम, मँगनीज, लोह, तांबं, जस्त, ब्रोमीन, स्ट्रॉन्शियम सगळी एकाच आलेखात एकदम दिसतात. शोधत नव्हतो तीही दिसतात. मला या पद्धतीची ओढ लागली ती याच कारणानं.

प्रोटॉनला वेग देणारा प्रवेगक नागपुरात नाही. आम्ही जायचो भुवनेश्वरच्या इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सला. तिथे ३ एमव्हीचा पेलेट्रॉन आहे. विद्यापीठांतल्या माणसांना यूजीसी-डीएई कन्सॉर्टियमच्या योजनेतून तिथे बीमटाइम, म्हणजे प्रवेगकावर कामाची वेळ, मिळू शकतो. मुंबईला तुर्भ्यात भाभा अणुसंशोधन केंद्राचा फोटिया हा प्रवेगक आहे, हैदराबादला त्यांचंच पदार्थ-विश्लेषणाचं केंद्र आहे. पण आमची पहिली दारं भुवनेश्वरला उघडली आणि मन तिथेच रमलं.

मात्र बीमटाइमपेक्षा कितीतरी जास्त वेळ बागेत आणि बागेनंतरच्या तयारीत जातो, आणि आकडा खरा ठरणार की खोटा, हे तिथेच ठरतं. पान कोणतं तोडायचं याला शास्त्र आहे : सहा ते आठ महिन्यांचं, फळ न धरलेल्या फांदीचं, शेंड्यापासून दुसरं, तिसरं किंवा चौथं, छातीच्या उंचीवरचं, झाडाच्या चारही बाजूंनी. पहिल्यांदा गेलो तेव्हा बागेचे मालक काका बराच वेळ नुसतं पाहत राहिले. मग म्हणाले, ‘बाई, पान पिवयं काहून पडलं थे सांगा. मशीन कोन्ती हाये याचं मले काय करनं हाये?’ त्यांचं खरं होतं. मी वहीत पहिल्याच पानावर ते वाक्य लिहून ठेवलं.

पानं कागदी पिशव्यांत भरायची आणि दोऱ्यानं बांधायची. रबरबँड चालत नाही. रबर पक्कं करताना त्यात झिंक ऑक्साइड घालतात, आणि त्याची नुसती पूड लागली तरी ज्याच्या शोधात निघालो तेच द्रव्य आपण हातानं नमुन्यात घातल्यासारखं होतं. रबरी हातमोज्यांचं तेच, जस्ती पत्र्याच्या ट्रेचं तर विचारूच नका. पानं आधी साध्या पाण्यानं, मग सौम्य साबणाच्या, मग अगदी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाच्या पाण्यानं आणि शेवटी दोनदा ऊर्ध्वपातित केलेल्या पाण्यानं धुवायची. हे भराभर करायचं, कारण पान पाण्यात रेंगाळलं की त्यातलं पोटॅशियम झिरपून जातं. मग साठ-सत्तर अंशांवर वाळवायची आणि अकीकच्या खलात कुटायची. घरच्या मिक्सरमध्ये पूड दोन मिनिटांत होते, पण स्टीलच्या पात्यांतून लोह, क्रोमियम आणि निकेल उतरतं. नव्या विद्यार्थ्याला खल हातात घेताना कंटाळा येतो. त्याला मी दोन आलेख शेजारी-शेजारी ठेवून दाखवते, एक खलातल्या पुडीचा, एक मिक्सरमधल्या पुडीचा. पुन्हा सांगावं लागत नाही.

पुडीत शुद्ध ग्रॅफाइट मिसळून तिची १३ मिलिमीटर व्यासाची गोळी दाबयंत्रावर काढायची. ग्रॅफाइट विजेचा वाहक असल्यामुळे गोळीवर विद्युतभार साचत नाही. साचला तर आलेखाचा तळच वर उचलला जातो. गोळ्या सिलिका जेल घातलेल्या डबीत बंद करून गोंदिया, दुर्ग, रायपूर करत गाडीनं भुवनेश्वर. तिथली हवा दमट, आणि पानाची पूड ओल पटकन धरते. म्हणून निर्वात कक्षात जाईपर्यंत डबी उघडायची नाही.

पेलेट्रॉनचं काम फार सुंदर आहे. हायड्रोजनचे ऋण आयन एका टोकाकडून मधल्या टर्मिनलकडे ओढले जातात. तिथे १५ लाख व्होल्टचा धन दाब असतो. तिथे त्यांचे इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात, उघडा प्रोटॉन उरतो, आणि तोच धन दाब आता त्याला पुढे ढकलून देतो. एकाच दाबाचा दोनदा उपयोग होऊन बाहेर येतो ३ एमईव्हीचा प्रोटॉन. पानाच्या गोळीत तो शंभर मायक्रॉनच्या आसपास शिरतो, म्हणजे साधारण कागदाच्या जाडीइतका. तेवढ्याच थरातलं द्रव्य आपल्याशी बोलतं, म्हणून पूड एकजीव असणं इतकं महत्त्वाचं.

पहिली गोळी आपल्या बागेतली लावायची नाही. आधी प्रमाणित नमुना. आमच्या नशिबानं अमेरिकेच्या मानक संस्थेचा लिंबूवर्गीय पानांचाच नमुना होता, क्रमांक १५७२. त्याच्या प्रमाणपत्रात जस्त २९, लोह ९०, मँगनीज २३, तांबं १६.५ पीपीएम, आणि कॅल्शियम ३.१५ टक्के. आपली मांडणी हे आकडे देत असेल तरच पुढे जायचं.

हा नमुना पहिल्यांदा लावला त्या रात्रीचा आलेख मला अजून जसाच्या तसा आठवतो. पडद्यावर डावीकडे पोटॅशियम आणि कॅल्शियमचे उंच सुळके, मग उतार, मग मँगनीज आणि लोह, आणि लोहानंतर ७.४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास एक नीटस शिखर. निकेल ७.४८ ला येतं. पण प्रमाणपत्रात निकेल फक्त ०.६ पीपीएम, आणि इथे शिखर त्याच्या कितीतरी पट. शेजारी उभे असलेले तिथले शास्त्रज्ञ काही बोलले नाहीत. त्यांनी बीमचा प्रवाह निम्म्यावर आणला आणि मला पुन्हा मोजायला सांगितलं. प्रवाह निम्मा झाला की ठरावीक वेळात प्रत्येक खरं शिखर निम्मं व्हायला हवं. लोह निम्मं झालं, जस्त निम्मं झालं, आणि हे ‘निकेल’ मात्र जवळजवळ चौथाईवर आलं.

तो कॅल्शियमचा पराक्रम होता. कॅल्शियमचा एक क्ष-किरण ३.६९ चा. पानात कॅल्शियम इतकं की कधीकधी दोन किरण डिटेक्टरमध्ये जवळजवळ एकाच क्षणी शिरतात आणि डिटेक्टर त्यांची बेरीज करून ७.३८ चा एकच किरण नोंदवतो. निकेलपासून फरक ०.१ चा, आणि डिटेक्टरची फरक ओळखण्याची मर्यादा त्याहून मोठी. पोटॅशियम आणि कॅल्शियमची अशीच जोडी जमली तर ती ७.०० ला, लोहाच्या दुसऱ्या शिखराशेजारी जाऊन बसते. उपाय दोन : प्रवाह कमी ठेवायचा आणि डिटेक्टरपुढे पातळ पडदा लावायचा. हलक्या मूलद्रव्यांचे मऊ किरण पडद्यात अडतात, जस्ताचा किरण त्यातून सहज पार होतो. संत्र्याचं पान कॅल्शियमनं गच्च भरलेलं असतं, त्यामुळे आमच्या कामात हा पडदा कायमचा झाला. संत्र्याच्या पानात निकेल सापडल्याचा दावा कुणी केला, तर मी आधी त्याचा प्रवाह किती होता ते विचारते.

ही शिस्त कोराडी-खापरखेड्याच्या बाजूची पानं तपासताना फार कामी आली. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेची धूळ तिथल्या पानांवर बसते आणि गावातली माणसं काळजीनं विचारतात, ‘मॅडम, ह्यात आर्सेनिक आहे का?’ आर्सेनिकचं मुख्य शिखर १०.५४ ला, शिशाचं १०.५५ ला. डिटेक्टरला ही दोन्ही वेगळी दिसणं शक्यच नाही. मग शिशाचं दुसरं शिखर १२.६१ ला किती उंच आहे ते पाहायचं, त्यावरून १०.५५ ला शिशाचा वाटा काढायचा, आणि उरलं तर ते आर्सेनिक. कॅनडातल्या गुएल्फ विद्यापीठाची गुपिक्स नावाची आज्ञावली हे गणित करून देते, पण तिनं दिलेल्या आकड्याची अनिश्चितता वाचायला माणूसच लागतो. चिंतेत असलेल्या माणसाला घाईनं ‘आहे’ सांगणं आणि घाईनं ‘नाही’ सांगणं, दोन्ही सारखंच वाईट, असं माझं ठाम मत आहे. मी त्या गावात कागद घेऊन गेले तेव्हा शिसं आणि आर्सेनिकच्या रकान्यासमोर ‘पुन्हा मोजायचं आहे’ असं लिहिलेलं होतं, आणि त्याचं कारण मी चावडीवर बसून समजावलं. लोकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

आता टायटॅनियम. वनस्पतींना त्याची गरज नाही आणि मुळं ते जवळजवळ उचलतच नाहीत. पण आपली काळी माती दख्खनच्या बेसॉल्टची, आणि बेसॉल्टमध्ये टायटॅनियम भरपूर. म्हणजे पानाच्या आलेखात ४.५१ ला ठसठशीत शिखर दिसलं की समजायचं, पान नीट धुतलेलं नाही, मातीची धूळ राहिली आहे. मग त्याच नमुन्यातल्या लोहावरही विश्वास टाकायचा नाही, कारण धुळीबरोबर लोहही आलेलं असणार. पिक्सीनं हे टायटॅनियम न मागता दाखवलं. नुसतं लोह मोजणारं यंत्र फक्त एक भरघोस आकडा देऊन मोकळं झालं असतं, आणि कुणीतरी बागायतदाराला सांगितलं असतं की तुझ्या झाडात लोह उत्तम आहे.

पण पान स्वच्छ धुतलं, टायटॅनियम दिसेनासं झालं, तरी लोहाचं कोडं सुटत नाही. काकांच्या बागेतल्या पिवळ्या पानांत लोह हिरव्या पानांइतकंच निघालं, काहींत थोडं जास्तच. सुरुवातीला हे पाहून माणूस चक्रावतो, पण फळबागांच्या अभ्यासकांना हे विरोधाभासी चित्र जुनंच आहे. चुनखडीच्या जमिनीत मुळांपर्यंत आणि पानापर्यंत लोह पोचतं, पण पेशींना उपयोगी पडेल अशा फेरस रूपात राहत नाही. पानाची वाढही खुंटलेली असल्यामुळे थोड्या वजनात तेवढंच लोह दाटून दिसतं. पिक्सी लोहाचे अणू मोजते. ते कोणत्या रूपात आहेत, हे तिला कळत नाही. त्यासाठी ताजं पान घेऊन त्यातलं फेरस लोह ऑर्थोफिनॅन्थ्रोलिनच्या रंगावरून वेगळं काढावं लागतं, आणि ते काम वाळवलेल्या गोळीवर होतच नाही. पुढच्या खेपेपासून आम्ही ताज्या पानांचा एक गठ्ठा बर्फाच्या डब्यात घालून रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे त्याच दिवशी पोचवू लागलो.

जस्ताचं मात्र उत्तर स्पष्ट आलं. लिंबूवर्गीय पानांत सहसा २५ पीपीएमच्या खाली जस्त कमी धरतात, आणि काकांची बरीचशी पानं त्याच्या बरीच खाली होती. इथेही एक खाचखळगा होता. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारलेल्या बागेत पानावर तांबं इतकं असतं की त्याचं ८.९० ला येणारं धाकटं शिखर जस्ताच्या ८.६४ च्या खांद्यावर चढतं. म्हणून प्रत्येक बागेत मी आधी फवारणीची वही मागते. कोणत्या तारखेला काय मारलं, हे माहीत नसेल तर प्रवेगकातून निघालेला जस्ताचा आकडा मी कुणाला देत नाही. पान मोजणाऱ्यानं पान स्वतः तोडावं, हा माझा आग्रह आहे तो यासाठी. पोस्टानं आलेल्या पुडीत फवारणीची तारीख नसते, झाड बांधाजवळचं की विहिरीजवळचं हे नसतं, आणि तरी आकडा मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत छापून येतो.

काकांकडे गेले तेव्हा नवती फुटायला लागली होती. मी सांगितलं, झिंक सल्फेट अर्धा टक्का, त्यात पाव टक्का चुना, आणि फवारणी कोवळ्या पानांवरच, जून पानावर जस्त धड शिरत नाही. फेरसचं आत्ताच काही करू नका, ताज्या पानांचा अहवाल येऊ द्या. त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. मग पेन मिटता मिटता विचारलं, ‘आन् मोरचूद? थे किती निंगालं?’

हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. डिंक्या रोगासाठी त्यांच्या वडलांपासून दर पावसाळ्याआधी बुंध्याला बोर्डोचा लेप लागत आलेला : किलोभर मोरचूद, किलोभर चुना, दहा लिटर पाणी. लेप पावसानं धुपतो आणि बुंध्याजवळच्या मातीत उतरतो. तांबं मातीत धरून बसतं, कुठे निघून जात नाही. बोर्डो ज्या फ्रान्समध्ये १८८० च्या दशकात वापरात आलं, तिथल्या जुन्या द्राक्षमळ्यांच्या मातीत ते पिढ्यान्‌पिढ्या साचलेलं आहे. आपल्या संत्र्याच्या आळ्यांत किती साचलं असेल?

मग त्याच दुपारी आम्ही माती घेतली. बुंध्याशी, आळ्याच्या कडेला, दोन ओळींच्या मधोमध आणि धुऱ्यावर, जिथे कधीच फवारा गेला नाही. काकांनी लोखंडी खुरपं पुढे केलं, मी लाकडी पट्टी काढली, आणि कारण सांगितल्यावर त्यांनी स्वतःच पट्टी हातात घेऊन खड्डे केले. या मातीच्या गोळ्या पुढच्या बीमटाइमला जातील. काळ्या मातीत लोह आणि टायटॅनियम इतकं असतं की त्यांच्यापुढे तांब्याचं शिखर उठून दिसावं म्हणून या वेळी डिटेक्टरपुढचा पडदा जाड लावावा लागेल, आणि मोजणीला प्रत्येक गोळीमागे पानापेक्षा जास्त वेळ द्यावा लागेल.